उजव्या हाताची सरासरी

मालिनीनं जाळीच्या दाराबाहेर भाजीच्या पिशव्या खाली टेकवल्या आणि पर्समध्ये किल्ली चाचपता चाचपता सहज आत नजर टाकली, तर मधुसूदन पलंगापाशी उभा राहून लेंग्याची नाडी बांधत होता. दोन्ही हातांनी. डाव्यात एक टोक, उजव्यात दुसरं, एक वेढा, एक फास, आणि गाठ नीट बसली की नाही हे पाहायला शेवटी एक हलका हिसका. खाली न बघता, समोरच्या कॅलेंडरकडे बघत, जणू नाडी बांधायला त्याला जन्मात कधी कुणाची मदत लागली नव्हती. मग तो पलंगावर बसला, डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून उचलला, मांडीवर ठेवला, त्याची बोटं एकेक करून आत मुडपली आणि डोळे मिटले. दुकानदार संध्याकाळी बाहेरचा माल आत घेतो तसं त्यानं ते सगळं शांतपणे आवरलं. मालिनीच्या हाताला किल्ली लागली होती, पण ती तिनं कुलपाला लावली नाही.

तिला आधी राग आला नाही, लाज वाटली. परक्या माणसाला कपडे बदलताना पाहिल्यावर वाटते तशी. जूनमध्ये त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, पाय महिन्याभरात परत आला आणि हात आला नाही. तेव्हापासून ही नाडी रोज सकाळी तीच बांधत होती, त्याच्या पोटाशी वाकून, त्याचा श्वास डोक्यावर घेत. बटणं ती लावत होती, दाढी ती करत होती, वरणभात कालवून घास ती भरवत होती, आणि चारचौघांत न सांगण्यासारखी जी कामं असतात तीही करत होती. डाव्या हातानं जेवायला तो शिकला असता, पण डावा हात अन्नाला लावायचा नाही हे त्याच्या आईनं लहानपणीच त्याच्या हाडांत भिनवलेलं, आणि मालिनी म्हणाली होती, राहू द्या, मी आहे ना. हे ‘मी आहे ना’ तिनं या घरात इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते म्हणताना तिला काही वाटतही नसे. जिन्यातून खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. “क्या हुआ भाभीजी, चाबी भूल गईं?” “नहीं नहीं, मिल गई,” मालिनी म्हणाली, आणि किल्ल्यांचा मुद्दाम मोठा आवाज करून तिनं दार उघडलं. त्याला सावध करायला आपण तो आवाज केला, हे तिच्या लक्षात दार उघडल्यावर आलं.

“आलीस?” मधुसूदननं डोळे उघडले. “किती वेळ लावलास.”

“आलमबागला गर्दी होती. मेट्रोच्या खाली सगळं जाम.”

“बरं, हातपाय धू आणि बस. महिन्याची स्पर्धा आज संपतेय. निगमची फेरी झालीसुद्धा, एकसष्ट मारलेत त्यानं.” आणि मग रोजच्यासारखंच, “तुझा फोन आत ठेवलास का?”

तिनं आपला फोन स्वयंपाकघरात नेऊन, आवाज बंद करून, फ्रिजवर ठेवला. हा या घरातला नियम होता. ऐन पावसाळ्यात कधीतरी, त्याच्या फोनवरच्या गोल्फमध्ये होलपासून वीतभर अंतरावर चेंडू असताना, तिच्या फोनवर मुलीचा, जुईचा, फोन वाजला होता, तिचा अंगठा दचकला होता, आणि मधुसूदन तिच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. त्यानंतर देवाची पूजा करण्याआधी आंघोळ करावी तितक्या सहजपणे ती खेळायला बसताना फोन दूर ठेवायला लागली. मटाराची पिशवी ओट्यावर ठेवून तिनं तोंडावर पाणी मारलं. आरशात तिचं तोंड जसंच्या तसं होतं. नवरा आपल्याला फसवतोय हे कळलेल्या बायकांची तोंडं वेगळी दिसत असतील अशी तिची समजूत होती, तीही खोटीच निघाली.

खरा गोल्फ मधुसूदन आयुष्यात एकदाच खेळला होता. बँकेत शाखा सांभाळत असताना एका बड्या खातेदारानं त्याला क्लबात नेलं, मालिनीला व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसवून लिंबूपाणी दिलं, आणि तिनं लांबून पाहिलं की नवऱ्यानं काठी जोरात फिरवली, चेंडू जागचा हलला नाही, आणि सगळे पुरुष इतक्या सभ्यपणे दुसरीकडे बघू लागले की तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, “माती ओली होती.” निवृत्त झाल्यावर त्याला फोनवरचा गोल्फ सापडला आणि तिथे माती कधीच ओली नसते. बोटानं मागे ओढायचं, एक काटा रेघेकडे धावत येतो, तो रेघेवर आला की बोट सोडायचं. अठरा होल, जितके कमी फटके तितकं चांगलं, आणि शेवटच्या वीस फेऱ्यांची मिळून जी सरासरी निघते ती तुमच्या नावापुढे लागते. दारावरची पाटी निवृत्तीबरोबर गेली होती. आता हा आकडा होता. लखनौतल्या, कानपूरच्या, इंदूरच्या निवृत्त बँकवाल्यांचा एक ग्रुप होता, गोमतीनगरचे निगमसाहेब त्याचे मुखिया, आणि सगळ्यांना सगळ्यांची सरासरी ठाऊक होती. मधुसूदनची चौऱ्याहत्तरवर अडकून बसली होती, काही केल्या हलेना. सहीतला एक फाटा वाकडा असला तरी चेक परत पाठवणारा हा माणूस, फेरी बिघडली की मोबाइलचं नेट बंद करायचा, म्हणजे ती फेरी मोजली जात नसे. खेळवाल्यांनी ती पळवाट बुजवली तेव्हा तो त्यांना चोर म्हणाला होता. त्या वर्षांत मालिनी त्याच्या खुर्चीमागून चहा ठेवून जायची आणि तो कप न बघता घ्यायचा.

ती पुसलेले हात पदराला पुन्हा पुसत पलंगावर त्याच्या डाव्या बाजूला बसली, ही तिची जागा, आणि त्यानं डाव्या हातानं फोन तिच्याकडे दिला. पडद्यावर हिरवंगार मैदान उघडलं. कुठल्याशा परदेशी समुद्राकाठचं, जिथे ती दोघं कधी जाणार नव्हती. “आज एकसष्ट किंवा त्याखाली आलं की सरासरी त्रेसष्टच्या खाली,” तो म्हणाला. “म्हणजे वरची पायरी, मैदान आणखी लांब. ग्रुपमध्ये कुणी नाहीये तिथे. निगमसुद्धा नाही.” त्याचा आवाज उत्सुक होता, लहान मुलासारखा, आणि त्याच्या मांडीवर तो हात पडला होता, मुडपलेला, आज्ञाधारक. तिनं त्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखाशी पेनाची निळी शाई लागली होती. सकाळी तिनं हे हात धुतले तेव्हा ती नव्हती. म्हणजे आपण बाजारात असताना यानं काहीतरी लिहिलंही, आणि लपवलंही. “वारा?” तिनं विचारलं, आणि तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. “डावीकडून, आठ. पुढे चढ आहे. दोन घरं डावीकडे धर.” तिनं दोन घरं डावीकडे धरलं, ओढलं, सोडलं. काटा रेघेच्या मधोमध थांबला. “वा,” तो म्हणाला.

ही सुरुवात तिनंच केली होती, हे ती नाकारू शकत नव्हती. हॉस्पिटलातून घरी आल्यावर तो दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही, जुई फोनवर रडे, मुलगा समीर अमेरिकेतून डॉक्टरांची नावं पाठवी, आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. एका दुपारी मालिनीनं त्याचा फोन चार्ज करून त्याच्या उशाशी नेला आणि म्हणाली, “सांगा, काय करायचं असतं यात?” पहिल्या दिवशी तिनं चेंडू तळ्यात घातला, पुन्हा तळ्यात घातला, आणि तो झटक्यानंतर पहिल्यांदा हसला, वाकड्या तोंडानं. मग हळूहळू तिच्या अंगठ्याला कळायला लागलं. फोडणीत मोहरी तडतडते आणि करपते यांच्यामध्ये एक क्षण असतो, हिंग टाकायचा, तो कुणी शिकवत नाही. हे तसंच होतं. वारा, चढ, उतार हे तिला कधीच कळलं नाही, ते तो सांगायचा. तो आकडे वाचायचा आणि ती सोडायची. पण तिचं मन आकड्यांत नव्हतंच. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी इतक्या हळू, इतक्या जवळून, इतकं लक्ष देऊन कधी बोलला नव्हता. “थांब. घाई नको. आता... सोड.” बदलीच्या गावोगावी ट्रंका बांधताना नाही, मुलं होताना नाही, तिचे वडील गेले तेव्हा तर नाहीच. दुपारी तीन ते साडेचार तिच्या कानाशी तो आवाज असायचा आणि त्या वेळात तिला कुणी मालिनी कोण म्हणून विचारलं असतं तर तिला चटकन उत्तर देता आलं असतं.

गणपतीपर्यंत सरासरी अडुसष्टवर आली, दिवाळीला चौसष्टवर. ग्रुपमध्ये धमाल उडाली. “मधु सर, बीमारी के बाद तो आप शेर हो गए!” “क्या हाथ है आपका, हुज़ूर!” निगमसाहेबांनी लिहिलं होतं. मधुसूदन ते मोठ्यानं वाचून दाखवायचा, सुरुवातीला डोळे मिचकावत, दोघांचं गुपित असल्यासारखं. “आपल्या हाताची तारीफ चाललीय.” पुढे कधीतरी तो मिचकावायचं विसरला. मग ‘आपण बासष्ट मारले’चं ‘मी बासष्ट मारले’ झालं, आणि ते तिच्यासमोर, तिच्याच अंगठ्याची आग होत असताना. तिला ते लागलं, चांगलंच लागलं, पण बोलून दाखवायला शब्द सापडेना. एका खेळण्यावरून नवऱ्याशी भांडायचं म्हणजे लोक काय म्हणतील, आणि लोकांना सांगणार तरी कसं? तो झोपलेला असताना एकदा तिनं आपल्या फोनवर आपल्या नावाचं खातं उघडून पाहिलं होतं. सगळ्यात खालची पायरी, समोर कुठल्या कुठल्या देशांतली शाळकरी पोरं, आणि कानाशी कुणी नाही. चेंडू सरळ वाळूत गेला, तिथून बाहेर निघेना. तिनं ते खातं त्याच दुपारी पुसून टाकलं आणि तो उठायची वाट बघत बसली.

“कुठे लक्ष आहे? उतार आहे पुढे, जोर कमी.” पाचवा होल. तिनं जोर कमी केला. चेंडू गवतावरून घरंगळत जाऊन झेंड्याशी थांबला, आणि बाहेर मेट्रो गेली तशी खिडकीची काच हलकेच थरथरली. तिच्या मनात जुई होती. जुईला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मालिनीच्या घरात कुणी ठरवावं लागत नव्हतं, ते असायचंच; तिच्या आईनं तिची दोन्ही बाळंतपणं नगरला केली होती, शेकशेगडीपासून डिंकाच्या लाडवांपर्यंत. जुई पोटुशी आहे कळलं तेव्हा मालिनीनं जुन्या मऊ साड्या काढून दुपटी शिवायला घेतली होती. मग हा झटका. जुईचं डोहाळजेवण पुण्यात तिच्या सासूबाईंनी, ऋषभच्या आई चंद्रप्रभाबाईंनी केलं, मालिनीनं ते फोनवर पाहिलं. दुपटी कुरियरनं गेली. ऑक्टोबरात जुई म्हणाली होती, “आई, मैं लखनऊ नहीं आ सकती तो तू ये ना. पंधरा दिन. बाबांसाठी कोई रख लेंगे.” आणि मालिनी म्हणाली होती, “अगं, त्यांचा हात कसा आहे माहीत आहे ना तुला. परक्या माणसाकडून ते कसं करून घेतील?” लखनौबाहेर बख्शी का तालाबला मैत्रीण शर्मिष्ठा राहते, तिचा नवरा एअर फोर्समध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत तिनं मालिनीचा हात धरून सांगितलं होतं, “मधुसूदनरावांना आमच्याकडे सोड आणि बिनधास्त जा. आमच्याकडे दोन ऑर्डर्ली आहेत, बाई.” त्यावरही मालिनीकडे उत्तर होतं. त्यांना दुसऱ्यांच्या घरी अवघडल्यासारखं होतं, ती म्हणाली होती. प्रत्येक वेळी उत्तर तिच्या तोंडाशी तयार असायचं, आणि त्या त्या वेळी ते तिला खरं वाटायचं.

म्हणजे या माणसानं, बाजूला बसलेल्या या माणसानं, आपला बरा झालेला हात मांडीवर मेलेला ठेवून स्वतःच्या मुलीची आई तिच्यापासून अडवून धरली होती. कशासाठी? तर चौऱ्याहत्तर पुन्हा होऊ नये म्हणून. हात बरा झाला असं कळलं की फोन त्याच्या हातात द्यावा लागणार, आणि मग क्या हाथ है आपका म्हणणाऱ्यांना तो हात दिसणार. तिनं हे असं मनाशी सरळ मांडलं. घास भरवताना त्याच्या ओठांवरून आपण बोटानं भात पुसतो ते आठवलं. त्याला आंघोळ घालताना आपली कंबर धरली होती आणि त्यानं ‘जपून’ म्हटलं होतं ते आठवलं. ‘जपून’ म्हणताना तो हात पाण्याच्या मगापर्यंत पोचू शकत होता! नवव्या होलला त्यानं, “पाणी दे जरा,” म्हटलं तेव्हा तिनं पेला मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला, हाताशी ठेवला आणि थांबली. त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग धीरानं, कष्टानं, सगळं अंग वळवून डाव्या हातानं तो उचलला. इतकं छान केलं ते, की तिनं दारातून पाहिलं नसतं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. “दमलीस का?” तो म्हणाला. “नाही,” ती म्हणाली. “चला पुढे.”

पण दारातूनच पाहिलं का पहिल्यांदा? अकराव्या-बाराव्या होलला, चेंडू हवेत असताना, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिला तो नको होता. सप्टेंबरात टूथपेस्टचं झाकण घट्ट लावलेलं असायचं. त्याचं घड्याळ डाव्या मनगटावर होतं, पट्ट्याला बक्कल असलेलं. ते तिनं कधी बांधल्याचं तिला आठवत नव्हतं. देविका नावाची फिजिओवाली पोरगी यायची, तिला मधुसूदननं ‘वेळकाढू’ म्हणून बंद केलं, आणि जाताना चपला घालता घालता ती दारात हळूच म्हणाली होती, “आंटीजी, अंकल के हाथ में ताकत आ गई है। अब आप कुछ मत कीजिए, इन्हीं से करवाइए।” आणि मालिनीनं काय केलं? “हाँ बेटा,” म्हणून दार लावलं आणि आत येऊन त्याचा घास कालवला. तिनं त्या वाक्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही. सगळं दिसलं होतं, सगळं ऐकू आलं होतं. ज्या बाईला मोहरी करपायच्या आधीचा क्षण कळतो तिला नवऱ्याचा हात बरा झालेला कळला नाही, हे ती कुणाला सांगणार होती? हात परत आला असता तर फोनही परत गेला असता. तिला पुन्हा खुर्चीमागून चहा ठेवायचा असता. म्हणून जुई ‘ये’ म्हणाली की तिला त्याचा हात आठवायचा. अडवून धरणारा एकटा तो नव्हता.

हे मनात आल्यावर ती इतकी घाबरली की तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सोळाव्या होलला मोठं तळं होतं. तिथे चेंडू पाण्यात घालायचा. एक, दोन, तीन, फेरीची पार वाट लावायची, सरासरी मातीत घालायची, मग फोन त्याच्या उजव्या हातात कोंबून म्हणायचं, मी उद्या पुण्याला चाललेय, तुमचं तुम्ही खेळा आणि तुमची नाडी तुम्ही बांधा. वाक्य तिच्या तोंडात अगदी तयार होतं, अमौसीच्या विमानतळावरची सकाळसुद्धा तिला दिसत होती, जुईच्या दारातली बेल दिसत होती. एवढं एक काम केलं तर ती पुन्हा जशी होती तशी, भली बाई होणार होती. सोळावा होल आला. “वारा समोरून, बारा. अवघड आहे गं,” तो कुजबुजला, आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. “पाण्याच्या पलीकडे एवढीशी जागा आहे. पूर्ण जोर. थोडं डावीकडे... अजून थोडं. घाई नको.” तिनं ओढलं. काटा धावत आला. रेघेच्या आधी सोडायचं, बस, जरासं आधी. तिनं रेघेवर सोडलं. चेंडू वाऱ्यात चढला, तळ्यावरून गेला, त्या एवढ्याशा जागेवर पडला, एक टप्पा घेऊन झेंड्याच्या काठीला लागून थांबला. अंगठा चुकला असं ती म्हणू शकत नव्हती, कारण अंगठा चुकलाच नव्हता. तिला आनंद झाला होता. अंगावर काटा आणणारा, निर्लज्ज आनंद, आणि तो होत असताना तिला जुईची आठवणही नव्हती.

पुढचे दोन होल ती नुसती खेळली. शेवटचा फटका लांबचा होता, दोन बाजूंनी उतार, आणि त्यानं आकडे सांगता सांगता श्वास रोखला होता. चेंडू निघाला, वळला, कडेशी रेंगाळला आणि आत पडला. साठ. पडद्यावर फटाके उडाले, आकडे भरभर फिरले आणि बासष्ट दशांश नऊवर थांबले. मधुसूदनचं नाव सोनेरी झालं. “मारला!” तो ओरडला आणि त्यानं उजव्या हातानं मांडीवर सणसणीत थाप मारली.

थापेचा आवाज खोलीभर झाला. मग दोघंही त्या हाताकडे बघत राहिली. हात मांडीवर पसरलेला होता, पाची बोटं उघडी, सरळ, धडधाकट. तो आता मुडपून काही उपयोग नव्हता आणि मधुसूदननं तसं केलंही नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. खोट्या सहीचा चेक पास करताना सापडलेल्या क्लार्कचा असा चेहरा त्यानं आयुष्यात पाहिला असेल, स्वतःचा कधी पाहिला नसेल. तो तिच्या बोलण्याची वाट बघत होता. एवढ्या वर्षांत तिच्या बोलण्याची त्यानं कधी अशी वाट पाहिली नव्हती. तिच्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं, सोळाव्या होलपर्यंत तर ते अधिकारानं बोलता आलं असतं.

“चहा ठेवते,” मालिनी म्हणाली.

स्वयंपाकघरात फ्रिजवर तिचा फोन आवाज न करता उजळत होता. जुई. त्याच्या आधीचे जुईचेच बरेच न घेतलेले फोन. मालिनीनं तो उचलला.

“आई, कहाँ थी तू? कब से लगा रही हूँ।” जुईचा आवाज पातळ झाला होता. “बी.पी. वाढलंय माझं. डॉक्टर बोल रही हैं सोमवारी सिझेरियन करून टाकू. ऋषभ दिल्लीला आहे, परसों येईल. आई, मुझे बहुत डर लग रहा है। मम्मीजी आहेत, वो सब कर रही हैं, पण... तू आ जा ना. मी तिकीट करते अत्ता. बाबा का हाथ थोड़ा भी ठीक हो गया हो तो एक हफ़्ता निकाल लेंगे ना वो?”

दाराशी काठी टेकल्याचा आवाज झाला. मधुसूदन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता. फोनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काही खूण करत नव्हता, काही मागत नव्हता. नुसता बघत होता.

“आई? हॅलो? हात कैसा है बाबा का?”

गॅसवर पाणी तापायला लागलं होतं. आता ‘बरा आहे’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द, आणि खरे. ते म्हटले असते तर संध्याकाळपर्यंत तिकीट आलं असतं, सोमवारी जुईचा हात तिच्या हातात असता, आणि इथे हा माणूस आपल्या खऱ्या हातानं खेळून महिन्याभरात चौऱ्याहत्तरवर आला असता, आणि परत आल्यावर हा आवाज तिच्या कानाशी पुन्हा कधी लागला नसता. मालिनीनं मधुसूदनकडे पाहिलं.

“तसाच आहे गं,” ती म्हणाली. “काहीच फरक नाही. त्यांना डोळ्यांआड करता येत नाही मला.”

पलीकडे जुईच्या मागून चंद्रप्रभाबाईंचा आवाज आला, “जुई, दूध गार होतंय बाळा.” मग जुई म्हणाली, “अच्छा.” आणि अगदी शहाण्या मुलीसारखं, “कोई बात नहीं आई. तू बाबांना बघ.” फोन बंद झाला.

मालिनीनं चहाची पावडर टाकली, साखर टाकली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही, आणि ते आलं नाही याचीच तिला किळस आली. उंबऱ्यात मधुसूदननं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

“बरं केलंस, मालू,” तो म्हणाला. “माझ्यासाठी एवढं...”

“तुमच्यासाठी नाही केलं,” ती म्हणाली.

त्याला ते कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि तो खाली बघायला लागला. मालिनीनं गॅस बंद केला, हात पुसले, आणि त्याच्यापुढे तळहात धरला.

“वरच्या पायरीवरचं मैदान लांब असतं म्हणालात ना? दाखवा.”

त्यानं सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि उजव्या हातानं तिला दिला.